पन्नासाव्या पानावरचा चोर

माझी आई रहस्यकथा वाचताना पन्नासाव्या पानाला थांबायची. गुन्हेगार कोण ते मागच्या पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीने लिहायची आणि मगच पुढे जायची. मी ते आधी बघायचं नाही, असा नियम. बहुतेक वेळा तिचं बरोबर निघायचं. "मला पन्नासाव्या पानालाच कळलं होतं," असं ती इतक्या तोऱ्यात सांगायची की मला रागच यायचा. मला शेवटपर्यंत काही कळायचं नाही.

आम्हाला गोष्ट जुन्या काळातलीच लागे, आणि शोध लावणारी बाईच हवी. वडील गार्डन रीचला रेल्वेच्या ऑफिसात होते, ते एस्प्लनेडच्या फुटपाथवरून अशी पुस्तकं शोधून आणायचे. कधी सुईण, कधी विधवा, कधी जनान्यातली वैदीण. फौजदार त्यांना हसायचा आणि फळीवरची धूळ मात्र त्यांनाच दिसायची. "तिच्याकडे कुणी बघत नाही ना, म्हणून तिला सगळं दिसतं," आई म्हणायची. वडील गेल्यावर डमडमच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच उरलो. मी शाळेत शिकवत होते. पुस्तकं आणायचं काम माझ्याकडे आलं.

दोन वर्षांपूर्वी आई पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. वॉकर धरून ती घरात हिंडायला लागली, पण दिवसा तिच्याजवळ कुणीतरी हवं म्हणून मी आया ठेवली. पन्नाशीची, कमी बोलणारी बंगाली बाई, रोज बनगाव लोकलने यायची. आईला माशिमा, म्हणजे मावशी, म्हणायची, तिचं अंग पुसायची, तिला पावडर लावायची, आमचं बिनमाशांचं जेवण मुकाट जेवायची. डॉक्टरांनी त्याच सुमारास मला बाजूला घेऊन सांगितलं, आईच्या विसरण्याकडे लक्ष ठेवा. मी मान डोलावली आणि घरी येऊन तिला नवं पुस्तक दिलं. पन्नासाव्या पानाला तिने लिहिलेलं नाव साफ चुकलं. मी लेखिकेलाच नावं ठेवली.

मग आईचा चांदीचा कुंकवाचा करंडा नाहीसा झाला. "आयाने घेतलाय," आई म्हणाली. "आता बघच तू." तिने कपाटाच्या दाराला एक केस चिकटवला आणि आतल्या फळीवर पावडर भुरभुरवली, अगदी आमच्या पुस्तकांतल्या बायकांसारखी. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर केस तुटलेला, पावडरीत बोटं उमटलेली. आयाच्या पदराला पावडर. आई कित्येक महिन्यांत इतकी खुललेली मी पाहिली नव्हती.

मला काय वाटलं तेही सांगून टाकते. मला आनंद झाला. आया चोर असेल, तर आईचं डोकं शाबूत होतं. रोज म्हाताऱ्या बाईला पावडर लावणारीच्या पदराला पावडर नाही तर काय लागणार, हे माझ्या वर्गातल्या कुठल्याही पोरीने विचारलं असतं. मी विचारलं नाही.

मी आया पुरवणाऱ्या सेंटरला फोन करून चोरी झाल्याचं सांगितलं. आया रडली नाही. मी मागितली नसताना तिने आपली पिशवी जमिनीवर उपडी केली. डबा, कंगवा, लोकलचा पास. दारात चपला घालताना म्हणाली, "माशिमा को अकेला मत छोड़ना, दीदी." मला ती धमकी वाटली.

त्या रविवारी थालीपीठ लावायला मी भाजणीचा डबा काढला. भाजणी पुण्याहून मावशी पाठवते, ती आम्ही पुरवून पुरवून वापरतो. आयाने एकदा वास घेऊन, हे कसलं पीठ म्हणून तो डबा जो मागे सारला, तो पुन्हा कधी हातात घेतला नाही. पिठात माझ्या बोटांना काहीतरी टणक लागलं. करंडा होता. त्या डब्यात हात घालणाऱ्या घरात आम्ही दोघीच होतो, आणि मी तो ठेवला नव्हता.

सेंटरने तिला कामावरून काढलं होतं. कितीतरी वेळा लावल्यावर तिने एकदाच माझा फोन उचलला.

"मुझे मालूम था, दीदी. माशिमा रोज कुछ न कुछ छुपाती थी, मैं रोज ढूँढ़के रख देती थी. वो डिब्बा नहीं देखा."

"मग बोलली का नाहीस?" मी हिंदीत विचारलं.

"माशिमा बोली थी, बेटी को मत बोलना."

मी माफी मागितली, परत ये म्हटलं. ती नको म्हणाली आणि फोन ठेवला.

शाळेतली नोकरी मी सोडली, आता दिवसभर मीच आईजवळ असते. संध्याकाळी तिला वाचून दाखवते. दोन पानांमागे मेलेला माणूस कोण हे तिला आठवत नाही, पण करंडा आठवतो. परवा मध्येच म्हणाली, "आपल्या घरच्या चोरीचं काय झालं गं? कोण निघालं?"

तिच्यावर ढकलणं मला जमलं नाही आणि आयाचं नाव पुन्हा घेणं तर शक्यच नव्हतं.

"मी," म्हटलं.

आईने माझ्याकडे नीट बघितलं. जुना तोरा चेहऱ्यावर आला.

"मला पन्नासाव्या पानालाच कळलं होतं," ती म्हणाली, आणि उशाखालची कपाटाची किल्ली मुठीत घट्ट धरून भिंतीकडे वळली.