डोकं तापलं, हातपाय गाळले

आमच्या घरात घाबरण्याचे शब्द बाबांच्या ताब्यात होते. आई हातपाय गाळायची, मी भोकाड पसरायची, शेजारच्या कारकून काकांनी म्हणे साहेबापुढे कच खाल्ली, आणि मामाची तर बोबडीच वळली. कुणाला काय झालं ते बाबा ठरवायचे. स्वतः मात्र भाजीत मीठ कमी पडलं की ताट भिरकावायचे, वरण भिंतीवरून ओघळायचं, ते पुसताना आईची पाठ भरून यायची, आणि त्याला नाव होतं, ‘डोकं तापलं’. डोकं तापणं म्हणजे तोल जाणं नव्हतं, तो पुरुषाचा बाणा होता. मी सतरा-अठरा वर्षांची झाले, कॉलेजात जाऊ लागले, तरी मला ही वाटणी खरी वाटायची. काय मूर्ख होते मी!

बाबा शाळेत इतिहास शिकवायचे आणि दर उन्हाळ्यात मॅट्रिकचे पेपर तपासायला घरी आणायचे. सत्तर सालानंतरचा असाच एक उन्हाळा. त्या वर्षी आईनं न राहवून एक अर्ज केला. गांधीबागेकडच्या मुलींच्या प्राथमिक शाळेत एक जागा रिकामी होती. आई लग्नाआधी ट्रेनिंग पास झालेली, पण ते सर्टिफिकेट इतकी वर्षं पेटीत साड्यांच्या तळाशी पडून होतं. तिला ती नोकरी हवी होती. किती हवी होती ते मी पाहिलंय, पोळ्या लाटता लाटता ती मला समोर बसवून पहिलीचा धडा शिकवायची आणि मधेच म्हणायची, “मागच्या बाकावर ऐकू गेलं काय वं?”

मे महिन्यात शाळेच्या मोठ्या बाईंनी तिला नमुन्याचा पाठ घ्यायला बोलावलं. सुट्टीच होती, पण त्या आसपासच्या चार पोरी गोळा करून बसवणार होत्या. वेळ दुपारी दोनची.

आता दुपारी दोनला आमच्या घरात आईचं ठरलेलं काम असायचं. खिडकीला बाहेरून वाळ्याची ताटी लावलेली, तिच्यावर तासातासाला पाणी मारायचं. आई तांब्यातांब्यानं, हलक्या हातानं मारायची, कारण आत खिडकीच्या फळीवर तपासायच्या पेपरांचा गठ्ठा. गठ्ठा तिथंच ठेवायचा, गार जागा आहे, हा बाबांचाच हुकूम. त्या दिवशी आई पाठ घ्यायला गेलेली, म्हणून ताटी सुकली तशी मी उठले. पण बाबा म्हणाले, “राहू दे. तुम्ही मायलेकी नोकऱ्या करा, घरकाम मी करतो!” आणि बाहेर जाऊन त्यांनी रागारागानं भरलेली बादली ताटीवर फेकली.

आत येऊन पाहतात तो वरच्या वीस-पंचवीस पेपरांवरून निळं पाणी खाली गळतंय.

बाबा मटकन खाली बसले. “गेली नोकरी! मले जेलमध्ये टाकतीन वं, जेलमध्ये!” असं म्हणत त्यांनी कपाळ बडवून घेतलं, मग खाटेवर भिंतीकडे तोंड करून हुंदके देत पडले. मी बापाला असं कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगते, मला दया नाही आली, भीती वाटली.

तेवढ्यात आई आली. उन्हानं लालबुंद, पण हसत. पाठ चांगला झाला होता. बाबांनी मान वळवून विचारलं, “काहून गेली होती मरायले?” आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. आईनं एकदा गठ्ठ्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि घोटभर पाणीसुद्धा न पिता मला म्हणाली, “टीपकागद आण.” चिकटलेली पानं तिनं सुरीच्या पाठीनं एकेक सोडवली, टिपली आणि ओसरीवर सावलीत उघडी मांडली. उन्हात शाई उडेल, हे तिला बरोबर सुचलं. वाऱ्याच्या झळांनी तासाभरात पानं कडक झाली, मग तिनं ती पाटाखाली दाबली. संध्याकाळपर्यंत सगळं जागच्या जागी होतं. एका पोराचं पानिपत जरा पसरलं होतं, पण वाचता येत होतं. “उठा, चहा घ्या,” ती बाबांना म्हणाली, “काही गेलं नाही.”

चार दिवसांनी मोठ्या बाई घरी आल्या. पाठ त्यांना आवडला होता, फक्त नवऱ्याचा होकार हवा होता. लग्न झालेली बाई घ्यायची तर घरी येऊन विचारायचं, ही त्यांची रीत.

पाहुण्यांसमोर बाबांची मराठी एकदम पुस्तकी व्हायची. “आमची काहीच हरकत नाही,” ते म्हणाले. “पण तुम्हाला अंधारात ठेवणं बरं नव्हे. परवा माझ्या पेपरांवर पाणी पडलं, तर हिनं पार हातपाय गाळले. मी होतो म्हणून निभावलं. चाळीस मुलींचा वर्ग हिला झेपेल का, ते तुम्हीच ठरवा.” मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “ही घरातच होती. विचारा हिला.”

“काय गं, खरं का?” बाईंनी विचारलं.

आई आतल्या दारात पन्ह्याचे पेले घेऊन उभी होती. बाबा माझ्याकडे एकटक पाहत होते. सगळं माझ्या ओठांवर होतं, बादली, जेल, हुंदके, सगळं.

“हो,” मी म्हणाले.

बाई पन्हं प्यायल्या. “बरं झालं सांगितलंत,” असं म्हणून रिक्षात बसून निघून गेल्या. त्या ‘हो’ची मला आजही किळस येते.

आई मोरीत पेले विसळत होती. मी मागे जाऊन रडायला लागले. चुकलं, चुकलं, एवढंच तोंडातून निघत होतं. तिनं हात थांबवला नाही.

“चूप,” ती म्हणाली. “तू नाही म्हटलं असतं, तर त्यायनं तुहं कॉलेज बंद केलं असतं. म्हणूनच मी काही बोलली नाही.”

मी कॉलेज पूर्ण केलं.