नानाच्या वाट्याचा रोट

माझा मोठा भाऊ आज पहाटे गेला, आणि मला देवावर राग आहे.

त्याच्या देवावरही आणि आमच्या देवीवरही. दोघांनी मिळून माझ्या नानाला वाटून घेतलं आणि हाती कुणाच्याच लागू दिलं नाही.

कमेंटमध्ये मला समजावू नका. आज नको.

नानाला ओळखणारे आता फार उरले नाहीत, म्हणून सांगते.

ऐंशीच्या दशकात नाना दीपनगरला, वीज केंद्राच्या ठेकेदाराकडे कामाला होता. पगाराच्या दिवशी चाळीसगावला उतरायचा आणि तिथून गावापर्यंत पीत यायचा.
आल्यावर भांडी फेकायचा. एकदा मायवर हात उचलला.
लग्न झालं नाही. अशाला पोरगी देतं कोण!

तरी श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसायची, तेव्हा हा झिंगलेला नाना भाऊबंदांच्या पंगतीत मानाने बसायचा.

खान्देशाबाहेरच्यांना सांगते. कानबाईच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मुठीने गहू काढतात. ते दळून रोट, म्हणजे जाड पोळ्या होतात. ते फक्त घरच्यांनी खायचे, बाहेरच्याला तुकडा मिळत नाही.
तुझ्या नावाचा गहू पडला म्हणजे तू घरचा. संपलं.

मग कुणीतरी नानाला दीपनगरच्या कॉलनीतल्या एका खोलीत प्रेयरला नेलं. म्हणे सगळे गुडघ्यावर होते. याला प्रार्थना कुठे येत होती? हा एवढंच म्हणाला,
"मन्हाघाई व्हत नही. आते तूच देख." माझ्याच्याने होत नाही, आता तूच बघ.

आणि दारू सुटली हो! खरंच सुटली. पुन्हा थेंब नाही.
भांडणारा, शिव्या देणारा नाना गेला आणि गाईसारखा गरीब माणूस घरी आला. मी तर आनंदाने रडले.

त्याने बाप्तिस्मा घेतला आणि आमच्या आबांनी, म्हणजे थोरल्या काकांनी, भाऊबंदांत जाहीर केलं, "हाऊ आते आपला नही."

दारू पिऊन मायला मारणारा चालत होता. सुधारलेला चालेना. काय न्याय आहे बघा!

मायनेही बोलणं टाकलं. साफ टाकलं. निरोप नाही, काही नाही.

तरी दर वर्षी कानबाईच्या सोमवारी नाना यायचा. देवी नदीला पोचवून लोक जेवायला बसले की समोरच्या ओट्यावर बसून राहायचा. संध्याकाळच्या एस्टीने परत.
मी चिडायचे. "कशाला येतोस रे अपमान करून घ्यायला?"
म्हणायचा, "माय बोलू दे, एवढंच मांगस मी देवले."

वर्षानुवर्षं एकच मागणं.

आणि एका वर्षी माय उठली.

नव्वदचं दशक लागलं होतं. माय थकली होती, जिना चढताना धाप लागायची. सगळ्या पंगतीसमोर ती उठली, ताटलीत रोट घेतला आणि ओट्यापाशी गेली. आबा बघतच राहिले.

"तुन्हा नावना गहू दर साल टाकस मी," माय म्हणाली. "कोनले सांगं नही. एक घास खाय ले, नाना. मंग घरमा चाल. कोनी काही बोलाव नही."

मी दारात होते. मला वाटलं, सुटलो बाबा एकदाचे.

नानाचा हात पुढे आला होता. मी बघितलाय.
मग त्याने तो मागे घेतला. मायच्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणाला,
"माय, तुन्हा हातनी भाकर दे, कोरडी दे. देवीना रोट नको. माले चालत नही."

मायला भाकर कळली नाही. तिला फक्त "नको" कळलं.

उरलेला रोट कुणाला देता येत नाही. तिने त्याच्या वाट्याचा रोट परसात पुरला. हात धुताना मला म्हणाली, "पोऱ्याले मातीमा दी उनू."

नंतर मी नानाला फाडून खाल्लं. "एक घास रे! तुझा देव एक घास माफ करत नव्हता?"

तो रडत होता. म्हणाला, "देव ते माफ करी, बहिन. पन माले थोडं थोडं देता येत नही. दारूबी थोडी थोडी सुटनी नही. बठ्ठंच देनं पडस. एक घास वापस लिधा, ते मी बठ्ठा वापस जासू."

बठ्ठं म्हणजे सगळं. प्रेयरच्या त्या खोलीत जाण्याआधी तो कसा होता, ते मलाही माहीत होतं.

त्याच हिवाळ्यात माय गेली. अग्नी चुलतभावाने दिला. नाना लांब उभा होता, कुणी जवळ बोलावलं नाही.
खरं सांगते, आज हा पिणार असं मला वाटत होतं. पिला असता तर बरं झालं असतं, निदान आमच्यातला झाला असता.
नाही पिला.

पुढे तो देवपूरला माझ्या घराजवळ खोली घेऊन राहिला. अडल्या-नडल्याला धावून जायचा, गल्लीतल्या आजाऱ्यांना डबे पोचवायचा. लोक म्हणायचे, देवमाणूस आहे. असेल. पण मायचं नाव निघालं की याचं जेवण तिथेच थांबायचं.

मी एकदा विचारलं, "देवाला विचारतोस का, असं का केलं म्हणून?"
"रोज इचारस."
"मग?"
"बोलत नही."
"मग काय करतोस?"
"काय करसू? सोपी दिधं शे." सोपवून दिलंय म्हणे.

आज दुपारी माती दिली. पास्टर भला माणूस आहे. म्हणाला, "ताई, रडू नका. त्याने स्वतःला पूर्ण समर्पित केलं होतं. तो आपल्या बापाच्या घरी गेला."

मी म्हटलं, "त्याला आईच्या घरी जायचं होतं."

बाकीचे आमेन म्हणाले. माझ्या तोंडून निघालं नाही.

जा नाना. तुझी बहीण आहे अजून इथे, रडतेय.