हात डोक्यावर, पाय ब्रेकवर

अचलपूरचा शालिकराम मिस्त्री नुसत्या आवाजावरून ट्रॅक्टरचं दुखणं सांगायचा. पण लागोपाठ तीन वर्षं पाऊस रुसला, कापूस हातचा गेला, तालुक्यातले ट्रॅक्टर शेडात झोपले. दुखणी ऐकायची तरी कोणाची? अशात त्याची लेक खुशी अमरावतीच्या विमानशाळेतून तोंड पाडून घरी आली.

शिष्यवृत्ती मिळवून पायलट व्हायला गेलेली पोरगी. दोनदा तिनं विमान धावपट्टीवरून गवतात घातलं होतं. येत्या सोमवारी तिसऱ्यांदा घातलं तर कायमचं घरी, असं सरांनी तोंडावर सांगितलं होतं.

"गवतात? म्हंजे हवेत गेलंच नाई?" शालिकरामनं विचारलं.

"बाबा, धावपट्टीवर विमान हातानं नाई, पायानं वळते. दोन पायडल रायतेत. डावं दाबलं का डावीकडं, उजवं दाबलं का उजवीकडं. त्याच पायडलच्या वरच्या टोकाले ब्रेक, डाव्या चाकाचा येगळा, उजव्याचा येगळा. दोनशे माणसांचं मोठ्ठं विमानही धावताना असंच पायानं सरळ धरतेत. हातातलं चाक हवेत कामाचं. मले समजते सगळं, पन विमान जरासं वाकडं झालं का हात चाकच फिरवतेत!"

शालिकरामनं कपाळावर हात मारला. दहाव्या वर्षापासून तिला ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगवर बसवलं कोणी? त्यानंच! पोरीच्या वाटेत आपणच काटे पेरले म्हणून त्याला दुपारची भाकर गोड लागेना. अर्ध्या घासात तो ओरडला, "अवो वच्छला, ट्रॅक्टरलेही दोन चाकांचे दोन ब्रेक असतेत!"

"मंग म्या काय नाचू?" बायको म्हणाली.

शेतात एकच ब्रेक दाबला की ट्रॅक्टर त्या बाजूला गर्रकन फिरतो. अडचण एवढीच की दोन्ही ब्रेक उजव्या पायाशी. मिस्त्रीनं घरच्या ट्रॅक्टरला लोखंडी पट्टी जोडून डावा ब्रेक डाव्या पायाशी आणला. क्लच तो मडगार्डवर बसून काठीनं दाबणार.

"हात डोक्यावर! स्टिअरिंगले बोट लावलं तं काठी बसन!"

मोकळ्या वावरात ट्रॅक्टर पिऊन आल्यासारखा चालला. खुशीचे हात खाली आले की काठी क्लचवरून तिच्या बोटांवर. शेजारचे म्हातारे नत्थुजी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येऊन उभे राहिले.

"काहून रे, जवान पोरीले शिक्षा देऊन राहिला?"

"शिक्षा नाई काका, विमान शिकवून राहिलो."

नत्थुजी तडक वच्छलाकडं गेले. "सूनबाई, याले अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरले दाखव. उशीर नोको करू."

चार दिवसांत वावराची पार चाळण झाली, पण रविवारी ट्रॅक्टर या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत सरळ गेला, पोरीचे हात डोक्यावरच.

सोमवारी नवराबायको धावपट्टीच्या तारेच्या कुंपणाला चिकटून उभे. खुशीचं विमान सुटलं. नाक जरासं डावीकडं गेलं.

"उजवा! उजवा दाब व माय!" शालिकराम किंचाळला आणि चपलेनं जमीन दाबत राहिला. नाक सरळ झालं. विमान पांढरी रेघ धरून धावत गेलं आणि चाकं जमिनीवरून उचलली.

शालिकरामचा पाय थांबला.

"आता इथून पुढचं मले काईच येत नाई व," तो वच्छलाला म्हणाला, आणि चारचौघांत ढसाढसा रडला.