घर बघायला या, वांगी घेऊन जा

अक्कांच्या फाटकातून रिकाम्या हाताने बाहेर पडलेला माणूस मी पाहिला नाही. विजेचं मीटर बघायला आलेला माणूस जाताना मिरच्या घेऊन जायचा, चुकून भलत्याच पत्त्यावर आलेला कुरिअरवाला कढीपत्ता. कोण, कुठला, कशाला आला, हे सगळं नंतर, आधी पिशवी. पिशवी नसली तर वर्तमानपत्राचा पुडा. "रिकामा हाते जावानं नही," असं म्हणत त्या फाटकाची कडी धरून उभ्या राहायच्या, आणि पुडा हातात घेतल्याशिवाय कडी निघायची नाही.

मी धुळ्यात घरं विकून देतो. माझ्या कार्डावर 'प्रॉपर्टी सल्लागार' असं झोकात छापलेलं आहे. अक्कांनी ते कार्ड चष्मा लावून पुढून-मागून वाचलं, "म्हंजे दलालच ना?" असं विचारलं, आणि पहिल्याच भेटीत माझं बारसं उरकलं. तेव्हापासून मी दलालभाऊ. गिऱ्हाइकांसमोरसुद्धा दलालभाऊच.

अक्का सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. गावाच्या कडेच्या कॉलनीत दोन खोल्या, काळोखं स्वयंपाकघर आणि पुढे लांबरुंद अंगण, एवढा त्यांचा संसार. तो विकून त्यांना पिंपळनेरला जायचं होतं, धाकट्या बहिणीकडे. या बहिणीला, म्हणजे माईंना, दिवसेंदिवस कमी दिसत चाललं होतं. डॉक्टरांनी ऑपरेशनचा उपयोग नाही असं सांगून टाकलं होतं. माई दिराच्या कुटुंबात राहायच्या. तिथे अक्कांना दोन दिवस पाहुणी म्हणून राहता आलं असतं, कायमचं नाही. त्याच गल्लीत दोन खोल्यांचं एक घर विकायला होतं आणि त्याचा मालक आखाजीपर्यंत थांबायला तयार होता. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. "आम्हले आते माहेर नही," अक्का म्हणाल्या, "तवय आम्हीच दोन्ही एकमेकीनं माहेर. माईले मी दिसाले जोयजे, तवलोंग जावानं शे. मंग जे व्हई ते व्हवो." थोडक्यात, माईंची नजर पुरती जायच्या आत त्यांना तिथे पोचायचं होतं.

मी घर बघितलं. भिंतीला ओल, दार दक्षिणेला, बाथरूमची फरशी उखडलेली. अंगणात एक जास्वंद तेवढी जीव धरून होती. मी आपला अनुभवी माणूस; म्हणालो, "अक्का, गिऱ्हाईक घर फाटकातच पसंत करतं. पुढची बाग तेवढी झकास करा, घर महिन्यात जातंय की नाही बघा." माझ्या धंद्यातला यापेक्षा महागात पडलेला सल्ला मला आठवत नाही.

अक्कांनी बाग मनावर घेतली. मोगरा आला, अबोली आली, कुंपणाला गोकर्ण चढली. नर्सबाईंचा वॉर्डच झाला तो. सकाळी सहाला राउंड, पानाखाली बोट घालून तपासणी, कीड पडलेली कुंडी वेगळ्या कोपऱ्यात. "त्या पपईले आज डिस्चार्ज देवाना शे," म्हणायच्या, म्हणजे पपई रोपाच्या पिशवीतून जमिनीत जायची. नळाला पाणी तीन-चार दिवसांआड यायचं, तरी झाडांना धुण्या-भांड्याचं पाणी न चुकता मिळायचं. घर बघायला आलेल्या एका बँकेच्या साहेबांकडूनही त्यांनी दोन बादल्या ओतून घेतल्या होत्या.

इथपर्यंत ठीक होतं. पण फाटकासमोरच्या अगदी मोक्याच्या वाफ्यात, जिथे मी गुलाब सुचवला होता, तिथे त्यांनी भरताची वांगी लावली. मी कुरकुरलो तेव्हा म्हणाल्या, "फुलंस्नं काय भरीत व्हस का?" दिवाळीनंतर वांगी धरली. हिरवी, मोठाली, एकेक हातभर लांब. खानदेशी माणसाला अशी वांगी दाखवायची आणि मग म्हणायचं, आता बेडरूम बघा! कोण बघणार?

पहिलं जोडपं आलं. दहा मिनिटांत घर बघून झालं, अर्धा तास वाफ्याशी गप्पा झाल्या आणि चार वांगी, मिरच्या, कांद्याची पात घेऊन ते गेले. पुढच्या रविवारी बाईंचा फोन, "दादा, ते घर परत एकदा बघायचंय." मी खूश. आल्या त्या कापडी पिशवी घेऊन, आणि सोबत नणंद. तिसऱ्या खेपेला नणंदेची सासू. मग गावभर बोभाटा झाला असावा, कारण हिवाळाभर माझा फोन वाजत होता. एक गृहस्थ टेप घेऊन आले आणि त्यांनी वाफ्याची लांबी-रुंदी मोजली. दुसऱ्याने मला अगदी गंभीरपणे विचारलं, की वांगी पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळलेल्या कपाशीच्या, काड्यांवर भाजायला मागे जागा आहे ना? मागे जागा होती. घर त्यानेही घेतलं नाही.

त्यात अक्कांचा खरेपणा. गिऱ्हाइकाशी त्या पुस्तकी मराठी बोलायच्या, आणि त्या मराठीत सगळं सांगायच्या. "ही भिंत पावसाळ्यात पाझरते हं. आणि वरच्या टाकीला चीर आहे." मी मागून डोळे वटारायचो, खोकायचो. गिऱ्हाईक गेल्यावर माझी कानउघाडणी अहिराणीत व्हायची, "दुखनं दपाडीसन पेशंट बरा व्हस का रे?" दपाडीसन म्हणजे लपवून. माझ्याशी त्या नेहमी अहिराणीच बोलायच्या. मराठी फक्त परक्या माणसांसाठी होती.

फाल्गुनात एक लोखंडाचे व्यापारी आले, शेठ म्हणू त्यांना. घर फिरून बघितलं, ओल बघितली, वांगी बघितलीच नाहीत. मला फोनवर म्हणाले, "घर मला पसंत आहे. तुमच्या बाईंना विचारून सांगा. पुढचं सगळं काढून फरशी करतो, दोन गाड्या आरामात राहतील."

आता खरं सांगतो, हे ऐकून माझं डोकं फिरलं. घर विकणं हा माझा धंदा, आणि मी मोगऱ्यावर फरशी पडणार म्हणून जीव पाखडत बसलो. अक्कांना काय वाटेल, असं मी स्वतःला सांगत होतो. पण हिवाळाभर माझ्याही घरी आठवड्याला दोनदा भरीत होत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. मी अक्कांना निरोप दिलाच नाही. "काही नवीन?" असं त्यांनी विचारलं की म्हणायचो, बघतोय. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी शेठ स्वतःच फाटकात उभे राहिले. मी नेमका तिथेच होतो. "बाई, आठ दिवस झाले तुमच्या माणसाला सांगून. द्यायचं नसेल तर नाही म्हणा." अक्कांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं, फरशीसुद्धा. म्हणाल्या, "करा ना फरशी. घर तुमचं, अंगण तुमचं. कागद कधी करायचे बोला." शेठ गेले, जाताना कोथिंबिरीची जुडी घेऊन गेले. मग अक्का माझ्याकडे वळल्या आणि मराठीत बोलू लागल्या.

"तुम्ही बाग करायला सांगितली म्हणून मी केली. मला आवडली, हे खरं. पण मी ती घर विकण्यासाठी केली. माईला मागच्या महिन्यात माणूस दारात आल्यावर ओळखू येत होता, आता हात लावावा लागतो. हे आठ दिवस मला परत कसे देणार आहात तुम्ही?"

मला 'तुम्ही' म्हणाल्या, हेच इतकं लागलं की मी मान वर केली नाही. त्या दिवसापासून मी धावाधाव केली; एरवी दोन महिने रेंगाळणारी कागदपत्रं पाच आठवड्यांत हातावेगळी केली. पिंपळनेरचं घरही त्यांच्या नावावर झालं. अक्कांनी शेवटच्या सकाळपर्यंत झाडांना पाणी घातलं. मी विचारलं, आता कशाला? तर म्हणाल्या, "सुट्टी व्हस तोवर ड्युटी शे, दलालभाऊ." पुन्हा दलालभाऊ ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

आखाजीच्या दोन दिवस आधी सामान टेम्पोत गेलं आणि अक्कांना मी माझ्या गाडीतून नेलं. त्या बाहेर आल्या तेव्हा मी बघतच राहिलो. जन्मभर फिक्या पातळात वावरलेल्या बाई, त्या दिवशी भडक नारिंगी नेसल्या होत्या. साक्री मागे पडली. मग म्हणाल्या, "दुकानवालाले मी सांगं, आंधळाले बी दिसी असं दे."

माई ओट्यावर उभ्या होत्या. गाडीच्या आवाजाकडे तोंड होतं, पण नजर भलतीकडेच. अक्का उतरल्या आणि ओट्यापासून पाच-सहा पावलांवर उन्हात थांबल्या. हाक मारली नाही, हात पुढे केला नाही. ते आठ दिवस माझ्या छातीवर येऊन बसले. मी मनात म्हणत होतो, दिसू दे, एवढं दिसू दे. माईंनी कपाळावर हात धरला, मान इकडे केली, तिकडे केली.

"अवं अक्का," त्या एकदम कडाडल्या, "हाई काय नारिंगी लुगडं नेसनी वं? या वयमा!"

अक्का तिथेच उन्हात उभ्या राहून मोठ्याने रडायला लागल्या. रडता रडता गोल फिरल्या, पदर पसरून धरला आणि म्हणाल्या, "देख वं माई. नीट देखी ले."