परब काकांचे चार ठोकळे

परब काकांना मी टोपी घातली होती.
जीएसटीसकट.

ते गेले त्याला आज वर्ष झालं. ते असताना हे सांगायची हिंमत झाली नाही, त्यामुळे आता कमेंटमध्ये कौतुक नको.

तेव्हा मी मुलुंडच्या एका शोरूममध्ये सेल्समन होतो. टाय, सेंट आणि "सर, ही तर फॅमिली कार आहे", एवढंच भांडवल.

काका भांडुपचे. कंपनीच्या सुतारखात्यातून रिटायर झालेले. आयुष्यातली पहिली गाडी घेत होते. ना मायलेज विचारलं, ना रंग.

"हिचे गुडघे गेलेत. हिला बसता-उठता आलं पाहिजे. चेंबूरला लेकीकडे जायचं म्हटलं की रिक्षात हिचा जीव जातो."

म्हणजे उंच गाडी हवी. उंच गाडीला दोन महिने वेटिंग. आणि इथे महिनाअखेर, टार्गेटला एक कमी, आणि यार्डात एक बुटकी सेडान धूळ खात पडलेली.

तशीच एक सेडान शोरूममध्ये स्टेजवर होती. कार्पेट घातलेला सहा इंचांचा चौथरा.
माणूस खाली, गाडी वर. सीट बरोबर खुर्चीएवढी येते.

काकूंना तिथे बसवलं. बसल्या. उठल्या. पुन्हा बसल्या.
"अगो बाई, जमतंय की!"

काका टेस्ट ड्राइव्हला निघाले तशा काकूही निघाल्या. मी म्हटलं, "काकू, उन्हात कुठे येताय? एसीत बसा, चहा सांगतो."
साखर किती, तेही विचारलं. हरामखोरी करताना मी फार अदबीने वागतो.

डिलिव्हरीला हार, नारळ, चाकांखाली लिंबं, हातात पुठ्ठ्याची भलीमोठी चावी. सपाट जमिनीवरच्या त्या गाडीत काकू बसल्या त्या खोल गेल्या. स्टाफने टाळ्या वाजवल्या.

फोटो आहे अजून. काकूंचा हात माझ्या खांद्यावर. बघणाऱ्याला वाटतं, आशीर्वाद देतायत.
त्या उठायचा प्रयत्न करत होत्या.

मी शिव्यांची वाट बघत बसलो. काका आले ते थेट दसऱ्याला, आपट्याची पानं घेऊन. "सोनं घे रे." मग दर गणपतीला घरी बोलावणं सुरू झालं.

अशाच एका गणपतीला गेलो, तर बिल्डिंगखाली काका गाडीच्या चारही चाकांपुढे लाकडी ठोकळे मांडत होते. एका बाजूला उतार तासलेले. गाडी हळूच त्यावर चढवली, काकूंना हाक मारली. काकू आल्या, टेकल्या, बसल्या. सहज.

"काका, हे काय?"

"अरे, शोरूममध्ये हिला जमलेलं, घरी जमेना. मग डोक्यात आलं, तिथे गाडी चौथऱ्यावर होती. म्हणून चौथराच केला. डिकीत घालतो, चेंबूरला उतरायच्या आधी परत लावतो."



काका ठोकळ्यावरची धूळ झटकत राहिले. "तुझ्या काय लक्षात येणार म्हणा. तू रोज तिथेच उभा."

इतकी स्वस्त सुटका मला कुठल्या वकिलाने दिली नसती. मी घेतली. वर "काका, झकास आयडिया!" असंही म्हणालो.

मी आज मॅनेजर आहे. चौथरा तसाच आहे. नव्या पोरांना ही युक्ती मीच शिकवली.

आज वर्षश्राद्ध लेकीकडे, चेंबूरला होतं. काकूंना न्यायला गाडी मी काढली. ठोकळे मांडले. काकू काठीवर रेलून सूचना देत होत्या, "अजून पुढे घे. अजून. हां, बस!"

त्या गाडीत बसल्या आणि माझ्याने राहवलं नाही.
"काकू, मला तेव्हाच माहीत होतं."

"मग? आम्हाला काय माहीत नव्हतं?"

मी त्यांची काठी आत सरकवली.

"मी दरवर्षी ह्यांना म्हणायचे, विचारा त्याला एकदा. तर म्हणायचे, नको गं. लाजेल मेलो, आणि यायचा बंद होईल."

मग सीटबेल्ट ओढत म्हणाल्या, "चल आता. गाडी खाली घे आणि ठोकळे डिकीत टाक. तिथे लागतील."

चेंबूरपर्यंत मी आरशात बघितलं ते फक्त मागच्या गाड्यांसाठी.

काका, लाज वाटली.
यायचा मात्र बंद होणार नाही.

शेवटचा नमस्कार.