गौराबाईची भरलेली कणगी

मुरुमच्या अलीकडच्या त्या गावात गौराबाईचा हात लागल्याशिवाय कुणाची कणगी उभी राहत नसे. जोंधळा साठवायच्या त्या उंच कणगीचा सांगाडा तुराट्यांनी कुणीही विणावा, शेणमातीनं लिंपायची ती गौराबाईनंच. लिंपणाच्या मोबदल्यात मिळालेल्या पायली-दोन पायलीवर तिचं आणि लेक इरम्माचं भागायचं. तोंडाचा ठसका मात्र असा, की ऐकणाऱ्याला वाटावं, हिच्या दावणीला दहा बैल आहेत.

निजामाचा अंमल होता, तिकडं विलायतेत मोठी लढाई चालू होती. पीक बरं आलं म्हणून रियासतीची भरभराट किती झाली ते दाखवायला सरकारनं घरोघरचा दाणा मोजायचं काढलं. लेव्हीचं, म्हणजे सरकारला सक्तीनं घालायचं धान्यही त्याच आकड्यावर घेणार होते. हे कळताच गावातले बडे जमीनदार, मालक आण्णासाहेबांनी आपला जोंधळा परसातल्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, उतरवला आणि वर उकिरडा रचला. पेवाचं तोंड लिंपायला अर्थातच गौराबाई होती.

तिची स्वतःची अडचण उलटी होती. सास्तूरचे महांतप्पा आपल्या मुलासाठी इरम्माला बघायला येणार होते, आणि आपल्या भागात पोरीच्या आधी कणगी बघतात. गौराबाईनं कणगीत भुसा दाबून भरला आणि वर चार बोटं जोंधळा पसरला.

पाहुणे टेकले न टेकले तोच दाणा मोजणारा सरकारी अंमलदार, गिरदावर, दारात उभा.

"कणगीत किती?"

महांतप्पा बघत होते. "भरली हाय की साहेब! चार पोती!" गौराबाईनं ठोकून दिलं.

गिरदावरानं लिहून घेतलं. महांतप्पांनी कणगीत हात घातला, मूठभर दाणे चोळून बघितले आणि सुपारीचा दिवस ठरवून गेले.

संध्याकाळी गिरदावरानं चावडीवर सगळ्या गावाच्या जोंधळ्याचा आकडा एकत्र मांडला आणि घरांनी भागला. "घरटी चार पोती! गरीब-अमीर फरक खतम. गावाची तरक्की झाली!"

पहिली टाळी आण्णासाहेबांनी वाजवली. गौराबाईनंही वाजवली, काय करते बिचारी!

सुपारीच्या दिवशी महांतप्पांशेजारी मानाचे म्हणून आण्णासाहेबही येऊन बसले होते. नेमका तेव्हाच गिरदावर लेव्हीची गाडी घेऊन अंगणात आला. कागदावर आण्णासाहेबांकडं चार पोती आणि खाणारी तोंडं बारा, म्हणून त्यांना माफी. गौराबाईकडं चार पोती आणि तोंडं दोन, म्हणून तिनं एक पोतं द्यायचं.

गौराबाई कणगीपुढं येऊन उभी राहिली. भुसा दाखवावा तर सोयरीक मोडणार, न दाखवावा तर पोतं आणायचं कुठून? दाराआड इरम्मा नवं लुगडं नेसून उभी होती. तिच्याकडं बघून गौराबाईला रडू फुटलं. तिनं पदर खोचला आणि कणगी आडवी पाडली. भुसा गिरदावराच्या टोपीपर्यंत उडाला.

"घ्या साहेब, चार पोती."

"मग लेव्ही कोण देणार?" गिरदावर खोकत ओरडला.

गौराबाईनं डोळे पुसले. "मालक, तुमचा उकिरडा औंदा लई उंच झालाय, न्हाय?"

आण्णासाहेबांच्या हातातली सुपारी खाली पडली. "साहेब, हिचं पोतं माझ्याकडून घ्या. शेजारधर्म हाय!"

गाडी वळली. गौराबाई महांतप्पांकडं वळली, पण तिची मान वर होईना. "माफ करा. पोरीपायी केलं म्या. तिचा काय बी दोष न्हाय."

महांतप्पांनी मिशीतला भुसा झटकला. "त्या दिशीच हात घातला व्हता की. कोपरापतूर भुसाच लागला."

"मग बोलला का न्हाईत?"

"काय तोंडानं बोलू? आमच्या कणगीत वरचा जोंधळा दोनच बोटं हाय." त्यांनी खाली पडलेली सुपारी उचलून तिच्या हातावर ठेवली. "लग्नाआधी सास्तूरला येऊन तेवढी नीट लिंपून द्या, विहीणबाई."