क्लॅरी पेनहेलचं हिरवं पाणी

आमच्या गावात शेवाळाचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा, क्लॅरी पेनहेल. उभा जन्म त्याने नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर काढला. तळाशी हिरवा ठिपका दिसला तरी त्या दिवशी हा माणूस धड जेवायचा नाही. क्लोरीनचा वास अंगात इतका मुरलेला, की चर्चमध्ये तो कुठल्या बाकावर बसलाय हे डोळे मिटूनही सांगता यायचं.

अशा माणसाला निवृत्तीनंतर काम मिळालं ते शेवाळ वाढवायचं.

मिठागरांच्या पलीकडे, आखाताच्या काठाशी एका कंपनीने दोन तळी खणली होती. लांबोळकी, गुडघाभर खाऱ्या पाण्याची. एक चाक पाणी सतत फिरतं ठेवायचं. त्यात बारीक, सुटं सुटं डोळ्यांना दिसणारही नाही असं शेवाळ वाढवायचं, गाळून काढायचं, त्यातलं तेल काढायचं आणि त्या तेलाचं डिझेल करायचं. पाणी आणि पंप कळणारा माणूस त्यांना हवा होता आणि गावात तसा एकच होता.

"तू येतोयस हे शेवाळाला कळलं तर ते उगवायचंच नाही," माझी बहीण लॉर्ना म्हणाली.

"त्याला कोण सांगतंय," क्लॅरी म्हणाला.

तिथली प्रमुख डेस्पिना, अ‍ॅडलेडहून आलेली शास्त्रज्ञ, त्याच्या मुलीच्या वयाची. पहिल्याच आठवड्यात तिने क्लॅरीला ब्रश घेऊन तळ्याची कड घासताना पकडलं.

"क्लॅरी, काय करताय?"

"कडेला हिरवं धरलंय."

"आपण इथे तेच पिकवतो."

त्याने ब्रशकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. "सवय," तो म्हणाला.

पण उन्हं तापली, तळी गर्द झाली आणि गडी बदलला. पबमध्ये लोक त्याला पाण्याची खुशाली विचारायला लागले, जशी बाळंतिणीच्या घरी विचारतात. "काल जरा फिकट होतं, आज बरं आहे," तो गंभीरपणे सांगायचा. मागे सगळे खिदळायचे.

"माझ्या तब्येतीची कधी इतकी विचारपूस केली नाहीस," लॉर्ना म्हणायची.

"तू फिकट पडत नाहीस."

फेब्रुवारीत, आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, दुसरं तळं बिघडलं. हिरव्यावर तपकिरी झाक आली, कडेला फेस साचला. डेस्पिनाने थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि क्लॅरीला बोलावलं. शेवाळ खाणारे इवलेसे जीव त्यात वळवळत होते.

"मोजून क्लोरीन टाकायचं," ती म्हणाली. "हे मरतात, शेवाळ टिकतं. तुमच्या हातचं काम आहे."

क्लॅरीचा चेहरा उतरला. "दुसरं औषध नाही?"

"नाही."

"जरा कमी टाकलं तर?"

"तर त्यांची नुसती आंघोळ होईल."

क्लॅरी डबा घेऊन गेला. दोन दिवसांनी तळं मेलं. पाणी नितळ झालं, तळ दिसायला लागला. ज्या नितळ पाण्यासाठी तो आयुष्यभर झिजला होता ते समोर होतं आणि त्याला ते बघवेना.

डेस्पिनाने डबा हलवून पाहिला. "सगळं टाकलंत?"

"अर्धं."

"का?"

"हातच चालला नाही, पोरी."

ती रागावायच्या तयारीने आली होती. पण शेजारी पालथी बादली होती, तीवर बसून ती डोळ्यांत पाणी येईस्तो हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "उरलेल्या जिवांनी सगळं शेवाळ खाल्लं. पहिल्या तळ्यातही शिरलेत ते. आज पूर्ण टाकायचं. मी टाकू?"

"नको. मीच टाकतो."

या वेळी त्याने मापात टाकलं, थेंबही न राखता. आणि तिथेच खुर्ची टाकून बसला. दिवेलागणीला लॉर्ना मांस-बटाटा भरलेली गरम पेस्टी घेऊन गेली.

"घरी येतोस का?"

"उतार पडला की येतो."

"ताप मोजलास का त्याचा?"

"लॉर्ना, चेष्टा नको."

मग तिने गाडीतली दुसरी खुर्ची काढली आणि शेजारी बसली. पेस्टी अर्धी अर्धी खाल्ली.

पहिलं तळं वाचलं. थंडीच्या तोंडावर त्यातून थोडं तेल निघालं, त्याचं डिझेल झालं आणि नगरपालिकेचा ट्रॅक्टर त्यावर एक दिवस धावला. अख्खं गाव धूर हुंगायला जमलं. कोणीतरी म्हणालं, मासे तळल्यासारखा वास येतोय. क्लॅरी त्या माणसाशी महिनाभर बोलला नाही.

पुढे कंपनीच्या ध्यानात आलं, की पंपावरचं डिझेल याच्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. तेल बंद झालं. डेस्पिना अ‍ॅडलेडला परतली. तळ्यांतलं शेवाळ आता कोळंबीच्या पिल्लांना खाद्य म्हणून जातं. क्लॅरीला आम्ही भीत भीत विचारलं, वाईट वाटलं का? तो म्हणाला, ट्रॅक्टरचा धूर हुंगणाऱ्यांपेक्षा कोळंबी बरी, ती निदान वासाला नावं ठेवत नाही.

मेलेलं तळं त्याने पुन्हा भरलं आहे. मागे कोळंबीवाले पाहायला आले, तेव्हा त्याने त्यांना दोन्ही तळ्यांभोवती दोनदा फिरवलं. तिसऱ्या फेरीआधी पाहुणे गाडीत जाऊन बसले.